४०७ चे शॉकअप वारंवार जातात? आधी पिना, बुश आणि पाटे बघा

टाटाच्या जुन्या ४०७ मालगाडीवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. मागचे शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, नवे टाकले, थोडे दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तीच खडखड आणि तीच उसळी. पुन्हा नवी जोडी आणली, पुन्हा तेच. नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा माळशेज घाट उतरून कल्याण-वाशीला नेणाऱ्या गाड्या आमच्याकडे कामाला येतात. त्यातले ड्रायव्हर गाडीतून उतरतानाच सांगतात, "मिस्त्री, शॉकअप परत गेला." म्हणजे निदान त्यांनी आधीच केलेलं असतं आणि पुष्कळदा नवा शॉकअप शेजारच्या सीटवर ठेवलेलाही असतो.

मी तो शॉकअप लगेच बसवत नाही. आधी गाडीखाली जातो. कारण पुन्हा पुन्हा जाणाऱ्या शॉकअपचं मूळ बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूला सापडतं: ज्या पिनेवर तो बसतो ती झिजलेली, पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकाच्या डोळ्यातले बुश, म्हणजे रबराचं किंवा धातूचं अस्तर, खाल्लेले, पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले, किंवा पाट्याची उंची मूळची राहिलेली नाही. हे न बघता शॉकअप बदलत राहिलात तर पैसे जातात आणि गाडी तशीच राहते. इथे लिहिलेलं सगळं ४०७ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण पुढे-मागे पाटे असलेल्या कुठल्याही जुन्या मालगाडीला ते चालेल.

कोणाचं काम काय

४०७ १९८६ साली बाजारात आली. तिच्या सस्पेन्शनची रचना साधी आहे. पुढे आणि मागे अखंड ॲक्सल, त्यावर पाटे आणि जोडीला तेलाचे टेलिस्कोपिक शॉकअप. पाट्याचं एक टोक चेसिसवरच्या हँगरला पिनेने अडकवलेलं, दुसरं टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या दुव्याला. गाडी दबली की पाटा सरळ होतो, सरळ झाला की त्याची लांबी वाढते, आणि त्या वाढलेल्या लांबीला जागा द्यायला शॅकल झुलतो. ही प्रत्येक हालचाल बुशांमधून होते. दिवसभरात हजारो वेळा.

वजन पेलतो तो पाटा. शॉकअप वजन पेलत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण "माल जास्त भरतो म्हणून जाड शॉकअप टाक" ही मागणी मी सारखी ऐकतो. शॉकअपच्या नळीत तेल असतं, त्यात बारीक छिद्रांचा आणि व्हॉल्व्हचा पिस्टन वर-खाली होतो. पाटा उसळला की त्या छिद्रांतून तेल दाबून जावं लागतं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. दाबताना त्याचा विरोध कमी असतो, ओढताना जास्त. खड्ड्यातून बाहेर आल्यावर पाट्याने गाडीला वर फेकू नये म्हणून तसं ठेवलेलं असतं.

पाटे एकमेकांवर घासतात त्यानेही थोडी उसळी मरते. म्हणून जुन्या, जास्त पाट्यांच्या गाडीत शॉकअप मेला तरी ड्रायव्हरला लवकर कळत नाही. पॅराबोलिक पाट्यांच्या गाडीत मात्र पाटे कमी आणि ते मध्ये व टोकांनाच टेकतात. तिथे घर्षण कमी, त्यामुळे शॉकअप गेला की गाडी लगेच नाचायला लागते.

आवाज वेगळा, उसळी वेगळी

गाडी एका खड्ड्यातून गेल्यावर दोन-तीनदा झुलत राहते, घाटात वळणावर हौदा डुलतो, रिकाम्या गाडीचा मागचा भाग गतिरोधकावर उडतो, टायर सगळीकडे सारखा न झिजता ठिकठिकाणी उंच-सखल झिजतो. ही शॉकअपची लक्षणं.

लहान-लहान खड्ड्यांवर खडखड, ब्रेक मारला की खालून एकदाच "टक", क्लच सोडून गाडी निघाली की पुन्हा "टक", स्टेअरिंग सरळ धरूनही गाडी रस्त्यावर भटकते, ब्रेकला एका बाजूला ओढते. इथे शॉकअपला हात लावायच्या आधी पाट्याच्या पिना-बुश आणि यू-बोल्ट बघा. ब्रेक मारल्यावर ॲक्सलला मागे राहायचं असतं आणि चेसिसला पुढे जायचं असतं. हँगरच्या बुशात प्ले (मोकळीक) असेल तर ॲक्सल तेवढाच सरकतो आणि पिनेवर आपटतो. एका बाजूचा बुश जास्त खाल्लेला असेल तर ॲक्सल तिरपा होतो आणि गाडी ओढते. अशा वेळी ब्रेक ॲडजस्ट करून-करून माणूस थकतो.

भटकणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांचे किंगपिन आणि स्टेअरिंगचे टाय रॉड एंडही तपासायला हवेत. ते इथे लिहीत बसत नाही, पण विसरू नका.

तपासणी

कारसारखं कोपऱ्यावर दाबून शॉकअप बघणं ४०७ ला लागू होत नाही. दोन माणसांनी हौद्यावर उड्या मारल्या तरी तो पाटा हलत नाही. त्यापेक्षा गाडी दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्याने चालवून आणा, सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना गुटके लावा आणि चारही शॉकअपच्या खालच्या नळीला हाताची पालथी बाजू हळूच लावून बघा. सायलेन्सरच्या पाइपापासून हात लांब ठेवा. जो काम करतोय तो गरम लागेल. चारांत एखादा थंड असेल तर त्याच्यात विरोध उरलेला नाही. या परीक्षेला कसलीही यंत्रं लागत नाहीत आणि मी तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो.

तेल बघताना फरक करा. रॉडच्या सीलजवळ पातळ ओलसर धूळ बसलेली असेल तर ते चालतं, रॉडबरोबर थोडं तेल बाहेर येतंच. नळीवरून ओघळ खाली आलेला असेल, त्यावर चिखलाचा जाड थर असेल, तर सील गेलं. रॉडवर ओरखडे किंवा गंजाचे ठिपके असतील तर नवं सीलही फार टिकणार नाही, म्हणून असा शॉकअप भरून आणायच्या भानगडीत पडू नका.

आता बुश. जॅक चेसिसखाली लावा, पाट्यावरचा भार कमी करा, चेसिसखाली घोडी (स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, मग काम दोन मिनिटांचं का असेना. पाट्याचा डोळा आणि हँगर यांच्या मध्ये पहार घालून उचलून बघा. निरोगी रबरी बुश थोडा दबतो आणि परत येतो. खाल्लेल्या बुशात डोळा मोकळा उडतो, धातूवर धातू आपटल्याचा आवाज येतो. हँगर आणि शॅकलच्या कडांवर तांबूस पूड किंवा घासून चकाकलेली जागा दिसली तर तिथे नको असलेली हालचाल चालू आहे.

पुढच्या पाट्यांसाठी गाडी चाकांवर उभी ठेवून एकाला स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही शॅकलकडे बघा. शॅकल आडवा हलतोय, पिन हँगरमध्ये नाचतेय, हे डोळ्यांनी दिसतं.

यू-बोल्टच्या नटांवर पाना लावून बघा. पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये चकचकीत पट्टा दिसला तर पाटा तिथे सरकतोय. असं चालत राहिलं की पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल जागा सोडतो आणि मागून बघणाऱ्याला गाडी तिरपी चाललेली दिसते.

मग शॉकअप पुन्हा पुन्हा का जातो

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे शॉकअप ज्या पिनेवर बसतो ती पिन. तिच्याकडे कोणी बघतच नाही. जुना शॉकअप काढला की पिनेवरचा गंज कापडाने पुसा, पॉलिश पेपर मारा आणि बोट फिरवा. जिथे रबर बसतं तिथे एका बाजूला खोलगट झिजलेलं असतं. पिन गोल राहिलेली नसते, वर जाड आणि खाली बारीक. आधीचं रबर संपल्यावर शॉकअपचा लोखंडी डोळा पिनेवर थेट आपटत राहिला, त्याची ही खूण आहे. आता या पिनेवर नवं रबर बसवलं तर पहिल्या दिवसापासून त्यात मोकळीक आहे. प्रत्येक धक्क्याला डोळा आधी तेवढी मोकळी चाल जातो आणि मग आपटतो. ते रबर काही आठवड्यांत भुगा होतं. ड्रायव्हरला ऐकू येते ती खडखड, आणि तो म्हणतो शॉकअप गेला. काढून बघितला तर शॉकअपचं तेल, व्हॉल्व्ह सगळं शाबूत असतं.

वेल्डिंग मारून पिन भरून घासून घेतात, ते मला पटत नाही. ग्राइंडरने पिन गोल होत नाही. पिन बदलता येत असेल तर बदला. ब्रॅकेटबरोबर अखंड असेल तर ब्रॅकेटच नवं घ्या, किंवा चांगल्या लेथवाल्याकडून नीट मापात करून घ्या. शॉकअपच्या जोडीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. ब्रॅकेट चेसिसला जिथे जोडलेलं आहे तिथली धूळ खरवडून काढा आणि टॉर्च लावून तडा बघा. तडा केसाएवढा असतो, धुळीखाली दिसत नाही.

दुसरं कारण पाट्याची उंची. शॉकअपची एक ठरावीक चाल असते. गाडी रोजच्या उंचीवर उभी असताना त्याने साधारण मधल्या भागात असावं, म्हणजे दबायलाही जागा आणि ताणायलाही जागा. जास्त माल ओढायचा म्हणून मालक पाटेवाल्याकडे जाऊन एक-दोन पाटे वाढवतो, कमान जास्त करून घेतो. गाडी वर उचलली जाते आणि रिकामी असताना शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो. रिकामी गाडी परत येताना खड्ड्यातून चाक खाली जातं तेव्हा शॉकअपला ताणायला जागाच नसते. ॲक्सलचं सगळं वजन त्याच्या डोळ्यावर लटकतं. डोळ्याचं वेल्डिंग तुटणं, रॉड आतून सुटणं, वरची पिन वाकणं, हे सगळं इथून येतं. डोळा तुटलेला शॉकअप आला आणि त्याची नळी कोरडी असली तर मी पहिलं पाटे मोजतो.

याच्या उलट बसलेले पाटे. वर्षानुवर्षं भार घेऊन कमान उतरलेली असते, भरलेली गाडी बंप रबरवर, म्हणजे ॲक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्यावर, येते. बंप रबर असेल तर. अनेक जुन्या गाड्यांत ते गळून पडलेलं असतं आणि कोणी परत लावलेलं नसतं. मग शॉकअप आतल्या आत तळाला आपटतो, व्हॉल्व्ह फुटतो. बंप रबर ही फार लहान वस्तू आहे, पण ती नसताना नवा शॉकअप टाकू नये असं माझं ठाम म्हणणं आहे.

पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, हेही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. ब्रेक, ॲक्सल, टायर आणि चेसिस तेच राहतात, हे दंडापेक्षा जास्त महत्त्वाचं.

शॉकअप काढणं आणि बसवणं

नट गंजलेले असणार. आदल्या संध्याकाळी वायर ब्रशने साफ करून रस्ट ऑइल मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा मारा. तरी नट हलला नाही तर छन्नीने नट फोडा किंवा ग्राइंडरने कापा. गॅसच्या ज्योतीने तापवू नका. शॉकअप ही तेलाने भरलेली बंद नळी आहे, जास्त तापली तर फुटू शकते. शेजारून ब्रेकचा पाइप जातो, तोही विसरू नका.

शॉकअप सुटला की ॲक्सल हवेत लटकत असेल तर आणखी खाली उतरतो, कारण शॉकअपच त्याला अडवत होता. ॲक्सलखाली आधार ठेवा. नाहीतर ब्रेकचा रबरी होज ताणला जातो आणि तो तुम्हाला घाट उतरताना धोका देईल.

नवा शॉकअप खोक्यात आडवा पडून आलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते. त्याला गाडीत ज्या दिशेने बसतो तसा उभा धरा, पूर्ण ओढा, पूर्ण दाबा, असं चार-पाच वेळा करा. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच पोकळ जागा जाणवेल. ती गेली पाहिजे. पाचव्या-सहाव्या वेळीही मध्ये मोकळी चाल लागत असेल तर तो नवा असूनही खराब आहे, दुकानात परत द्या. हे करायचं राहिलं तर पहिल्याच फेरीत ड्रायव्हर म्हणतो नवा शॉकअप काम करत नाही.

दोन्ही बाजूंचे एकत्र बदला. एक नवा आणि एक अर्धा मेलेला असला की घाटातल्या वळणावर गाडी एका बाजूला वेगळी वागते आणि दुसऱ्या बाजूला वेगळी. घेताना जुना शॉकअप दुकानात न्या आणि पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी आणि डोळ्याचं माप, तिन्ही जुळवा. ४०७ मध्ये इतके प्रकार आले आहेत की नुसतं "४०७ चा मागचा द्या" म्हणून भागत नाही.

पाट्याचे बुश

इथे आधी तुमच्या गाडीत कोणते बुश आहेत ते बघा, कारण दोघांची निगा अगदी उलटी आहे. पिनेच्या डोक्यावर ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर आत धातूचा बुश आहे आणि त्याला ग्रीस हाच जीव. निपल नसेल, डोळ्याच्या कडेने काळं रबर दिसत असेल, तर तो रबरी बुश आहे आणि त्याला ग्रीस लावलंत तर रबर फुगून मऊ पडतं. बसवताना सरकायला हवं असेल तर साबणाचं पाणी वापरा. ग्रीसचा डबा हाताशी असतो म्हणून तो सगळीकडे फासला जातो आणि चांगले रबरी बुश वर्षभरात जातात.

पिन काढताना ती ठोकून काढायची वेळ आली तर थांबा. पाटा ताणात असला की पिन अडकते. ॲक्सलखालचा जॅक थोडा वर, थोडा खाली करत बघा. एका ठिकाणी भार संपतो आणि पिन हलक्या ठोक्याने सरकते. ताणात असलेल्या पाट्याची पिन घणाने उडवली तर पाटा उसळतो, आणि तिथे हात असतो.

रबरी बुशाची बाहेरची लोखंडी नळी डोळ्यात गच्च गंजलेली असते. पुष्कळ ठिकाणी ज्योत लावून रबर जाळतात. ते करू नका. पाट्याच्या पोलादाला ठरावीक उष्णतेवर पाणी दिलेलं असतं. डोळा तापून लाल झाला की ते पाणी उतरतं आणि काही महिन्यांनी मेन पाटा डोळ्यापाशी तुटतो. त्याऐवजी आधी ड्रिलने रबर पोखरून आतली नळी काढा, मग हॅक्सॉचं पातं आत घालून बाहेरच्या नळीला आतून एक लांब चीर द्या. चीर नळीपुरती, पाट्याच्या डोळ्यात जाऊ द्यायची नाही. मग छन्नीने कड आत वळवली की नळी आक्रसते आणि सुटते. वेळ लागतो, पण पाटा वाचतो. पाट्यावर वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडू द्यायची नाही, त्याच कारणाने.

नवा बुश हातोडीने ठोकून बसवू नका, कड दुमडते आणि तो तिरका जातो. प्रेस नसेल तर लांब जाड बोल्ट, दोन भक्कम वॉशर आणि बुशाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडा मोठा पाइपाचा तुकडा घ्या. पाइप डोळ्याच्या पलीकडे टेकवा, बुश अलीकडे, बोल्ट आरपार, आणि नट आवळत न्या. बुश सरळ ओढला जातो.

धातूच्या बुशात दोन गोष्टी सांभाळा. बुशाला ग्रीससाठी छिद्र असेल तर ते ग्रीसच्या वाटेसमोर आलं पाहिजे. थोडं फिरून बसलं की वरून कितीही ग्रीस मारा, आत पोचणार नाही, आणि पिन कोरडीच चालेल. आणि बसवल्यावर बुश थोडा आवळतो, म्हणून रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारून पिनेच्या मापाला आणावा लागतो. पिन हाताने सरकली पाहिजे आणि हलवली तर वाजायला नको. नव्या बुशात जुनी पिन घालायची नाही. पिनेवर नख फिरवा. नख अडलं तर पिन नवीन घ्या. शॅकलच्या पट्ट्यांची भोकं अंडाकृती झालेली असतील तर शॅकलही नवा. इथे एका पिनेचे पैसे वाचवले की पूर्ण काम पुन्हा करावं लागतं.

आवळणं

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण चांगले मेकॅनिकही इथे घाई करतात. रबरी बुशात आतली नळी बोल्टने हँगरला पक्की धरलेली असते, बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात गच्च असते, आणि पाट्याची सगळी हालचाल मधल्या रबराच्या पिळातून होते. तो पिळ दोन्ही बाजूंना सारखा पडावा म्हणून गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना बोल्ट आवळायचा असतो.

गाडी घोडीवर आहे, ॲक्सल लटकतोय, आणि तुम्ही तिथेच बोल्ट पूर्ण आवळलात तर काय होतं? ती लटकती अवस्था रबरासाठी सरळ ठरते. गाडी खाली उतरवली की रबर लगेच पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. त्यावर भार आला की आणखी पिळ. असा बुश बाहेरून ठीक दिसतो आणि आतून फाटतो. "नवे बुश टाकले तरी सहा महिने टिकले नाहीत" असं जिथे ऐकू येतं तिथे मला पहिली शंका याचीच येते.

म्हणून सगळे बोल्ट हातापुरते बसवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे पाटे जागेवर बसतील, आणि मग खाली जाऊन आवळा. शॉकअपच्या रबरी बुशांचंही तसंच. शॉकअपचा नट रबर फुगून बाहेर येईपर्यंत पिळायचा नाही, वॉशर पिनेच्या खांद्याला टेकला की पुरे. धातूच्या बुशाला हा नियम नाही, तिथे पिन बुशात फिरते.

यू-बोल्ट उघडले असतील तर नवे वापरा. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा ताण धरत नाही. समोरासमोरचे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा, आणि शेवटचा ताण टॉर्क पान्यावर तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातला आकडा लावून द्या. लांब पाइप लावून अंदाजाने पिळलेला यू-बोल्ट एक तर तुटतो, नाहीतर ढिला राहतो.

नंतरची निगा

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर, साधारण ५०० किलोमीटरच्या आत, यू-बोल्ट, शॉकअपचे नट आणि पिनांचे लॉक बोल्ट पुन्हा बघा. पाट्यांमधला रंग, गंज, धूळ दबून निघते आणि नट ढिले लागतात. हे सगळ्या गाड्यांत होतं, त्यात कोणाची चूक नाही.

ग्रीस मारताना सर्व्हिसिंगच्या ठिकाणी मुलगा निपलला गन लावून दोन स्ट्रोक देतो आणि पुढे जातो. गाडी चाकांवर असताना पिनेची भाराची बाजू बुशाला घट्ट चिकटलेली असते, ग्रीस फक्त मोकळ्या बाजूने जातं. जिथे घास होते तिथेच ते पोचत नाही. जॅकने चेसिस थोडी उचलून पाट्यावरचा भार काढा आणि मग मारा. जुनं काळं ग्रीस दोन्ही कडांनी बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. बाहेर येतच नसेल तर निपल तुंबलेलं आहे. ते काढून बदला, फार तर काही रुपयांची वस्तू आहे. पावसाळ्यात माळशेजमध्ये किंवा कोकणात गाडी फिरत असेल तर पाणी आणि चिखल ग्रीस धुऊन नेतात, तेव्हा इतर वेळेपेक्षा दुप्पट वेळा ग्रीस द्या.

आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्याच्या आदल्या आठवड्यात घाईने सगळं आवळण्यापेक्षा भाजीचा हंगाम उतरल्यावर, गाडी रिकामी उभी असते तेव्हा, हे काम एकदाच पूर्ण करून घ्या. खर्चाची अडचण असेल तर क्रम असा धरा: आधी यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट, मग पुढच्या पाट्यांच्या पिना-बुश, मग मागचे, मग शॉकअपच्या पिना व बंप रबर, आणि नवे शॉकअप सगळ्यात शेवटी. पुढचे पाटे आधी, कारण त्यांच्यावर स्टेअरिंग आणि ब्रेक अवलंबून आहेत.